टर्बो गाडीचं हेड गॅस्केट खरंच गेलंय का? हेड उतरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टर्बो पेट्रोल गाडी आहे. कूलंटची टाकी आठ-दहा दिवसांत मिनिममच्या खाली जाते, पण जमिनीवर एक थेंब दिसत नाही. सपाट रस्त्यावर तापमान ठीक असतं, लांब चढावर किंवा जोरात ओव्हरटेक करताना ते वर जातं आणि पाय काढला की उतरतं. सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो. एका मेकॅनिकनं रंग बदलणाऱ्या द्रवाची टेस्ट केली, रंग बदलला नाही, म्हणून गॅस्केट चांगलं आहे म्हणाला. दुसऱ्यानं टाकीत बुडबुडे पाहिले आणि थेट हेड उतरवायला सांगितलं. ऐकायचं कोणाचं?

सध्या तरी दोघांचंही नाही. दोघांनी जे पाहिलं ते खरं असेल, पण साध्या इंजिनावर जो निष्कर्ष चालतो तो टर्बो इंजिनावर तसाच चालत नाही.

हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक (खालचा भाग) यांच्यामधलं हेड गॅस्केट तीन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या ठेवतं: सिलेंडरमधला जळणारा वायू, कूलंट आणि ऑइल. ते कुठे फुटलंय त्यावर लक्षणं ठरतात. सिलेंडर आणि कूलंटच्या वाटेमध्ये फुटलं तर वायू कूलंटमध्ये जातो, किंवा कूलंट सिलेंडरमध्ये येतं, किंवा दोन्ही. दोन शेजारच्या सिलेंडरमध्ये फुटलं तर कूलंटला धक्काही लागत नाही, फक्त इंजिन मिस करतं. टर्बो गाडीत अडचण अशी की याच तीन गोष्टी हेडच्या बाहेरही एकमेकींच्या शेजारून जातात. टर्बोच्या मधल्या बॉडीतून कूलंट आणि ऑइल जातात, आणि तिला लागूनच टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्ट. ऑइल कूलरमध्ये ऑइल आणि कूलंटमध्ये पातळ पत्र्याची भिंत असते. काही गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला एक्झॉस्ट थंड करणारा भाग) असतो, काहींत पाण्याने थंड होणारा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग). त्यामुळे 'गॅस्केट गेलं का' असं विचारण्याऐवजी 'कोणत्या दोन वाटांमधली भिंत फुटली आहे आणि ती कोणत्या वेळी उघडते' असं विचारलं तर तपासणी सरळ होते.

त्यातला 'कोणत्या वेळी' हा भाग टर्बोत जास्त महत्त्वाचा. पेट्रोल इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) असताना सिलेंडरमधला कमाल दाब साधारण १० ते २० बार असतो. पूर्ण बूस्टवर (टर्बो जोरात हवा भरत असताना) तोच ८० ते १०० बारच्या घरात जातो, डिझेलमध्ये १५० च्याही पुढे. हा दाब हेडला वर ढकलतो, बोल्ट किंचित ताणले जातात. गॅस्केटवरची पकड थोडी जरी कमी झाली असेल तर त्या क्षणी फट पडते आणि पाय काढला की बंद होते. आजची बरीचशी गॅस्केटं स्टीलच्या अनेक थरांची असतात. ती स्प्रिंगसारखी परत जागेवर बसतात, म्हणून सुरुवातीच्या काळात फट फक्त लोडवरच उघडते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर आयडलला केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, याचा अर्थ इतकाच की आयडलला गळती नाही. तुमची गाडी तर चढावरच गरम होते.

आधी स्वस्तातल्या शक्यता काढून टाका. टाकीची किंवा रेडिएटरची कॅप हा पहिला संशयित. तिच्यावर दाब लिहिलेला असतो, साधारण १ ते १.५ बार. कॅप कमी दाबावर उघडत असेल तर लोडवर कूलंट वाफ होऊन बाहेर जातं, पातळी घटते, उकळण्याचा बिंदूही खाली येतो आणि चित्र हुबेहूब गॅस्केटचं दिसतं. कॅप टेस्टरवर लावून बघा, किंवा सरळ नवी टाका.

दुसरी गोष्ट, 'जमिनीवर थेंब नाही' याला टर्बो गाडीत फारसा अर्थ नाही. टर्बोला कूलंट नेणाऱ्या बारीक पाइपांच्या बँजो बोल्टखाली (मधून भोक असलेला बोल्ट) तांब्याचे वॉशर असतात. तिथे पाझर असेल तर थेंब खाली पडायच्या आत गरम लोखंडावर वाळून जातो. मागे उरतो फक्त पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा कडक थर. हीट शील्ड काढून टॉर्चने पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग आणि डॅशबोर्डखालचा हीटर कोअर (पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं) हेही बघून घ्या.

तिसरी गोष्ट रेडिएटरची. टर्बो गाडीत पुढून हवा येते ती बऱ्याचदा आधी इंटरकूलरमधून, मग एसीच्या कंडेन्सरमधून आणि शेवटी रेडिएटरमधून. या थरांच्या मध्ये धूळ आणि किडे अडकतात, बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. अशा गाडीत तापमान चढावर सावकाश वाढतं आणि सावकाश उतरतं. गॅस्केटमधून वायू शिरत असेल तर ते अचानक उडी मारतं, कधी लगेच खाली येतं, आणि त्याच वेळी हीटर चालू असेल तर तो गार हवा फेकू लागतो, कारण वायूचा फुगा अडकला की पंप पाणी ढकलू शकत नाही. हे पाहायला डॅशबोर्डचा काटा उपयोगाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तो ठरावीक पट्ट्यात मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. ओबीडीला (गाडीतला तपासणीचा सॉकेट) रीडर लावून कूलंटचं खरं तापमान बघा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९२ अंशांना उघडतो, पण नेमका आकडा आणि सामान्य पट्टा गाडीगणिक वेगळा, तो मॅन्युअलमधून घ्या.

आता सगळ्यात बिनखर्चाची आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी तपासणी. संध्याकाळी गाडी चांगली गरम करा, एखाद्या चढावर भरपूर बूस्ट देऊन चालवा, आणि कॅपला हात न लावता रात्रभर उभी करा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबून पाहा, मग कॅप हळूहळू सोडा. निरोगी गाडीत गरम कूलंटमुळे वाढलेला दाब थंड झाल्यावर उतरलेला असतो. पाइप मऊ लागतो, कधी तर कॅप उघडताना हवा आत ओढली जाते. पाइप टणक असेल, कॅप सोडताना 'फुस्स' आवाज आला आणि टाकीतली पातळी वर चढली, तर आत बाहेरून आलेला वायू कोंडलेला आहे. पाणी थंड होऊन आकसतं, कोंडलेला वायू मात्र आतच राहतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. फट इतकी मोठी असेल की रात्रभरात तो दाब कूलंटलाच सिलेंडरमध्ये ढकलतो, तर सकाळी दाब मिळणार नाही. त्याऐवजी सुरू केल्यावर पहिले काही सेकंद इंजिन एका सिलेंडरवर मिस करेल आणि पांढऱ्या धुराचा एक लोट येईल. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ पैकी एक कोड (पहिल्या ते चौथ्या सिलेंडरचं मिस होणं दाखवणारा) दिसेल आणि तो पुन्हा पुन्हा त्याच सिलेंडरचा असेल. थंड सकाळी सायलेन्सरमधून येणारी साधी वाफ सगळ्याच गाड्यांत असते. ती गाडी गरम झाली की थांबते, आणि तिच्यासोबत इंजिन मिस करत नाही.

रासायनिक टेस्टकडे येऊ. टाकीच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. टेस्ट चांगली आहे, पण ती चुकीच्या पद्धतीने फार वेळा होते. टाकीतलं कूलंट थोडं कमी करून घ्यावं लागतं, नाहीतर ते नळीत ओढलं जाऊन द्रव खराब होतो. थर्मोस्टॅट उघडलेला हवा. द्रव जुना असेल तर रंग बदलतच नाही, म्हणून शेवटी पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरजवळची हवा ओढून तो जिवंत आहे का ते पाहावं. इंजिनजवळ एक्झॉस्टची गळती असेल, किंवा कोणी नळीत श्वास सोडला, तरी रंग बदलतो, कारण श्वासातही तोच वायू आहे. डिझेलसाठी वेगळा द्रव मिळतो. शिवाय डिझेलच्या आयडलवरच्या एक्झॉस्टमध्ये हा वायू पेट्रोलच्या मानाने खूपच कमी असतो, त्यामुळे आयडलवर निगेटिव्ह आलं तर त्यावर विसंबू नका.

टर्बोसाठी यात एकच बदल करायचा. गाडी आधी लोडवर वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणायची. गरम कॅप लगेच उघडायची नाही. उकळतं कूलंट तोंडावर येऊ शकतं, आणि कोंडलेला वायूही निसटून जातो. इंजिन थंड झाल्यावर कॅप सोडताना जी पहिली हवा सुटते तीच पकडायची. त्यासाठी टाकीला येणाऱ्या बारीक रिटर्न पाइपात छोटा टी आणि कॉक आधीच बसवून ठेवला तर काम सोपं होतं. पहिल्या मेकॅनिकनं आयडलवर टेस्ट केली असेल तर ती या पद्धतीने पुन्हा करून घ्या.

आणि पॉझिटिव्ह आली तर? इथे दुसऱ्या मेकॅनिकची घाई आडवी येते. कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये आला एवढंच सिद्ध झालं. तो कुठून आला ते अजून कळलेलं नाही. ईजीआर कूलर असलेल्या गाडीत, विशेषतः डिझेलमध्ये, कूलरच्या आतली नळी तडकली तर एक्झॉस्ट तिथून कूलंटमध्ये घुसतो. टर्बोच्या आधीच्या मॅनिफोल्डमध्ये लोडवर भरपूर दाब असतो, तो कूलंटच्या दाबाहून जास्त झाला की वायू पाण्यात जातो, आणि गाडी बंद केली की पाणी एक्झॉस्टमध्ये येतं. म्हणजे पातळी घटते, पांढरा धूर येतो, लोडवर तापमान वाढतं आणि रासायनिक टेस्टही पॉझिटिव्ह येते, पण गॅस्केट ठणठणीत. अशा गाडीत हेडला हात लावण्याआधी कूलरचे कूलंट पाइप काढून एकमेकांना जोडून टाकायचे, म्हणजे कूलर कूलंटच्या फेऱ्यातून बाहेर, आणि टेस्ट पुन्हा करायची. कूलर कोरडा चालवायचा नसतो, म्हणून ही जोडणी फक्त चाचणीपुरती आणि थोड्या वेळासाठी. टर्बोच्या बॉडीतल्या कूलंटच्या वाटेला टर्बाइनच्या बाजूने तडा गेला असेल तरी हेच सगळं होतं. तिथे डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) सोडून टर्बाइनच्या तोंडात टॉर्च मारा. ओलावा, पांढरट खार किंवा कूलंटचा गोडसर वास मिळाला आणि सगळे स्पार्क प्लग कोरडे, एकसारख्या रंगाचे निघाले, तर हेड उतरवणं म्हणजे खर्च वाया.

तिसरा बहुरूपी सगळ्यांना फसवतो, तो म्हणजे पाण्याने थंड होणारा इंटरकूलर. तो फुटला तर बूस्टची हवा कूलंटमध्ये शिरते. टाकीत जोरात बुडबुडे, दाब वाढलेला, कूलंट बाहेर फेकलं जातं, सगळं गॅस्केटसारखं. पण रासायनिक टेस्ट लोडवर केली तरी निगेटिव्हच येते, कारण ही हवा जळलेली नाही. तुमच्या गाडीत बुडबुडे आणि निगेटिव्ह टेस्ट असे दोन्ही आहे, म्हणून तुमच्या गाडीत हा इंटरकूलर पाण्याचा आहे की हवेचा, हे आजच बघा. हवेचा असेल तर ही शक्यता संपली. पाण्याचा असेल तर त्याचे कूलंट पाइप सोडून, बंद करून, कूलंटच्या बाजूने हलका दाब देऊन तो धरतो का ते तपासा. आणखी एक साधं कारण विसरू नका: अलीकडेच कूलंट बदललं असेल आणि हवा नीट काढली नसेल, तर काही दिवस बुडबुडे येतातच.

इथवर काय हाती आलं? सकाळचा दाब आहे, लोडवर रंग बदलतो, ईजीआर कूलर नाही किंवा बाजूला काढूनही तेच, टर्बोचं तोंड कोरडं, तर संशय सिलेंडरवर येतो. आता कोणता सिलेंडर ते शोधायचं.

कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर टाकीला लावा आणि कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप करा, त्याच्या वर नाही. वर गेलात तर चांगला रेडिएटर किंवा हीटर कोअर फोडाल. दाब कोमट इंजिनावर दिला तर इंजिन थंड होताना काटा आपोआप खाली येतो, ती गळती समजू नका. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पंप करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, आणि प्लगच्या भोकांपासून तोंड दूर ठेवून स्टार्टर क्षणभर मारा. एखाद्या भोकातून फवारा उडाला तर शोध संपला. प्लग न काढता स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलेंडर भरलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फवारा नसेल तर बोअरस्कोप (भोकातून जाणारा बारीक कॅमेरा) घाला. ज्या सिलेंडरमध्ये कूलंट जळतं त्याच्या पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, बाकीचे काळे.

कॉम्प्रेशन टेस्टवर मी इथे फार भर देत नाही. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा फेरे. आकडा मॅन्युअलशी ताडायचा, कारण टर्बो इंजिनांचं कॉम्प्रेशन रेशो बऱ्याचदा मुळातच कमी असतं. सिलेंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. दोन शेजारचे सिलेंडर सारखेच कमी आले तर मधली भिंत गेली. पण कूलंटकडे जाणारी बारीक फट या टेस्टला कळतही नाही.

लीक-डाउन टेस्ट जास्त उपयोगी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून, क्रँक पक्का अडकवून, सिलेंडरमध्ये सुमारे ७ बार हवा सोडायची. क्रँक नीट धरला नसेल तर हवेने इंजिन फिरतं, म्हणून पाना बोल्टवर तसाच सोडून जाऊ नका. गळती १० टक्क्यांखाली असेल तर ठीक, २० च्या वर गेली तर कुठून जाते ते बघायचं. खरं सांगायचं तर टक्क्यांपेक्षा ही जागाच महत्त्वाची. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, शेजारच्या प्लगच्या भोकातून आला तर मधलं गॅस्केट. टाकी काठोकाठ भरून ठेवा. तिच्यात बुडबुडा आला तर वायू कूलंटकडे जातोय. घाई न करता प्रत्येक सिलेंडरवर पाच मिनिटं तरी थांबा, बारीक फटीचा बुडबुडा सावकाश येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा आवाज टर्बोमुळे सायलेन्सरपर्यंत पोचत नाही, त्यासाठी ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकाशी कान लावा. मर्यादा इथेही तीच: ७ बारवर बंद राहणारी फट ८० बारवर उघडू शकते. म्हणून लीक-डाउन स्वच्छ आली पण सकाळचा दाब आणि लोडवरचा रंग ठामपणे गॅस्केटकडे बोट दाखवत असतील, आणि बाहेरच्या वाटा तपासून झाल्या असतील, तर मी हेड उतरवायला सांगतो.

ऑइलबद्दल दोन ओळी. झाकणाखाली दुधी फेस दिसला की लोक घाबरतात, पण जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसती साचलेली वाफ असू शकते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी असेल, किंवा रात्रभर थांबून ड्रेन प्लग ढिला केल्यावर आधी पाणी आलं, तर ते खरं. तेव्हा गाडी अजिबात चालवू नका. टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असते, कूलंट मिसळलेलं ऑइल तो थर टिकू देत नाही. उलट कूलंटच्या टाकीत ऑइल आलं तर आधी ऑइल कूलरवर संशय घ्या, कारण चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो. आणि गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकीत ओतू नका. ती टर्बोचे बारीक पाइप आणि हीटर कोअर आधी बंद करते.

हेड उतरवलंच तर गॅस्केट गेलं होतं की हेडला तडा आहे, हे तेव्हाच कळतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. अनेक अॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटर ही मर्यादा असते, पण तुमच्या इंजिनाचा आकडाच प्रमाण माना. ब्लॉकवर घासायची डिस्क फिरवू देऊ नका, खड्डे पडले की स्टीलचं गॅस्केट बसत नाही आणि धूळ ऑइलमध्ये जाऊन टर्बोचे बेअरिंग खाते. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा, कारण तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकतो. डिझेलमध्ये गॅस्केटची जाडी त्याच्यावरच्या खाचा किंवा भोकांच्या संख्येवरून ओळखायची असते, जुन्याशी जुळवून घ्या. हेडचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केला असेल तर जाडीचा हिशेब मॅन्युअलनुसार पुन्हा करा.

गॅस्केट का गेलं, तेही उघड्या इंजिनावरच शोधा. गॅस्केटवरची सिलेंडरभोवतीची रिंग एकाच जागी चेपलेली आणि पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे असतील तर नॉकिंग (सिलेंडरमध्ये इंधन धडाक्याने अनियंत्रित जळणं) झालंय. मग ईसीयूची (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅपिंग बदललेली आहे का, इंधन कमी ऑक्टेनचं आहे का, एखादा इंजेक्टर कमी फवारतोय का, बूस्ट नियंत्रणाबाहेर जातोय का हे बघा. हेड वाकलं असेल तर गाडी आधी कधीतरी तापली आहे, म्हणून पंप, फॅन, थर्मोस्टॅट आणि त्या तीन थरांमधला रेडिएटर बघा.

जोडणी झाली की पहिले काही दिवस टाकीतली पातळी थोडी घटते, अडकलेली हवा बाहेर येते म्हणून. रोज सकाळी थंड इंजिनावर खूण करा. हवा निघून गेल्यावर पातळी स्थिरावायला हवी. त्यानंतरही ती उतरत राहिली, तर आधी टर्बोचे पाइप आणि त्यांचे वॉशर पुन्हा बघा, कारण हेड उतरवताना तेच सुटे केलेले असतात.